नकाराचा तास

कुठल्यातरी गटाच्या नादी लागून एखादं मूल घर सोडतं, स्वतःला इजा करून घेतं किंवा दुसऱ्याला इजा करायला निघतं, तेव्हा भोवतालच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इतका हुशार मुलगा, त्याला कळलं कसं नाही?" या प्रश्नामागे एक सोयीस्कर समजूत आहे. फसतात ते भोळे, बावळट, घरच्यांचं लक्ष नसलेले. आपलं मूल त्यातलं नाही. मूलही तेच म्हणत असतं, "मी नाही असल्या गोष्टींना भुलत." ही खात्री अशा गटांच्या फार पथ्यावर पडते. आपण भुलणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो सावध कशाला राहील?

२० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या पंथाने सरिन हा विषारी वायू सोडला. तो सोडणाऱ्यांत एक हृदयरोगाचा डॉक्टर होता आणि नामांकित विद्यापीठांत भौतिकशास्त्र शिकलेले तरुण होते. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या एका बंगल्यात 'हेवन्स गेट' पंथाच्या ३९ जणांनी एकत्र जीव दिला. वेबसाइट म्हणजे काय हेही बहुतेकांना ठाऊक नव्हतं त्या काळात ही माणसं लोकांना वेबसाइट बनवून देऊन पोट भरत होती. यातलं कुणी बावळट नव्हतं. उलट हुशार माणूस एकदा आत गेला की आत राहण्याची कारणं इतरांपेक्षा अधिक चांगली रचतो, आणि ती स्वतःला पटवूनही देतो.

मग वयात येणाऱ्या मुलांना शिकवायचं तरी काय? माझं म्हणणं असं की कुठले गट वाईट याची यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही आणि भीती घालण्यात तर अजिबात नाही. त्यांना डावपेच उलगडून दाखवावेत आणि नकार देण्याचा सराव द्यावा. मात्र हा सराव फक्त परक्या माणसांवर करून भागत नाही. तो आपल्यावर, म्हणजे पालकांवर आणि शिक्षकांवर, करू द्यावा लागतो. आपली तयारी नेमकी इथे कमी पडते.

आधी हे घडतं कसं ते जवळून पाहू. समजा, पंधरा वर्षांची एक मुलगी आहे. चित्रं छान काढते. वर्गात तिचं फारसं कुणाशी जमत नाही. एका ऑनलाइन गटात ती आपलं चित्र टाकते आणि दहा मिनिटांत सात-आठ जण त्यावर भरभरून लिहितात. कुणी रंगांबद्दल, कुणी डोळ्यांतल्या भावाबद्दल. आजवर घरात "छान आहे हं" एवढंच ऐकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जाते, तिसऱ्या दिवशी तिची वाट पाहिली जाते. "आज उशीर केलास?" असं कुणीतरी विचारतं. आपण उशिरा आल्याचं कुणाच्या लक्षात आलं, हेच तिला नवीन असतं.

आठवड्याभरात तिला एका छोट्या, बंद गटात घेतात. "सगळ्यांना नाही घेत आम्ही इथे. तू वयाच्या मानाने फार समजूतदार आहेस." इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा पहिला नियम, तोही किती साधा वाटतो! मग एका रात्री खेळ सुरू होतो: प्रत्येकाने कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट सांगायची. बाकीचे आधी सांगतात. त्या गोष्टी खऱ्या आहेत की रचलेल्या, हे कळायला मार्ग नसतो. तिची मात्र खरी असते. सगळे तिला धीर देतात, तिच्यासाठी रडतात. इतकं मोकळं तिला कधीच वाटलेलं नसतं. नंतर अचानक दोन दिवस कुणीच तिच्याशी बोलत नाही. कारण कुणी सांगत नाही. ती माफी मागते. कशाची ते तिलाही माहीत नसतं. माफी स्वीकारली जाते, पण आता एक छोटी परीक्षा द्यायची असते. आज रात्री जेवायचं नाही. उद्या अमुक मैत्रिणीशी बोलायचं नाही. परवा एक फोटो. आणि ज्या दिवशी ती थबकते, त्या दिवशी त्या रात्रीचं गुपित तिच्यापुढे ठेवलं जातं.

या मुलीने एकही मोठा निर्णय घेतलेला नाही. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा बोटभरच उंच होती. १९६६ साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवून दिलं की ज्यांनी आधी एक क्षुल्लक विनंती मान्य केली होती, ते नंतरची अवाजवी विनंतीही इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा मान्य करतात. सुरक्षित वाहन चालवण्याबद्दलची इवलीशी चिठ्ठी खिडकीत लावायला होकार देणाऱ्यांपैकी तीनचतुर्थांश लोक पुढे घरासमोर एक मोठा, कुरूप फलक लावायलाही तयार झाले. ज्यांना थेट फलकाबद्दलच विचारलं, त्यांच्यात हे प्रमाण सहात एकाच्या आसपास होतं. त्या प्रयोगात कुणाचं नुकसान झालं नाही. पण विक्रेते, जुगाराची ॲप, पंथ आणि मुलांवर टपलेली टोळकी, सगळ्यांचं पहिलं पाऊल हेच असतं.

वर जे रंगवलं ते अतिरंजित वाटत असेल, तर अमेरिकेच्या एफबीआयने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा देऊन काय सांगितलं ते पाहावं. ऑनलाइन टोळ्या ८ ते १७ वर्षांच्या मुलांना हेरतात, विश्वास कमावतात, त्यांच्याकडून फोटो किंवा गुपितं मिळवतात आणि मग त्याच्या धाकाने त्यांना स्वतःला जखमा करायला लावतात. इथे ना गुरू आहे, ना आश्रम, ना तत्त्वज्ञान. या टोळ्या चालवणारेही अनेकदा कोवळ्या वयाचेच असतात. पंथ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झगा घातलेला, दाढी वाढवलेला माणूस येतो. ती प्रतिमा मुलांच्या काहीच कामाची नाही.

याच वयात हे अधिक का घडतं, यावर दोन शब्द. ही मुलं मूर्ख असतात म्हणून नव्हे. सोबत्यांच्या नजरेला या वयात विलक्षण वजन येतं. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात एकटे असताना बऱ्यापैकी जपून खेळणारे किशोर सोबती बघत असले की जास्त धोका पत्करतात, मोठ्यांच्या बाबतीत मात्र तसा फरक पडत नाही, असं मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली दाखवलं. घरापासून सुटं व्हायचं, आपली माणसं शोधायची, आपण कशासाठी आहोत हे ठरवायचं, हे त्या वयाचं कामच आहे. ते काम ज्या भुकेवर चालतं, तीच भूक हेरली जाते. तिच्याबद्दल मुलांना लाजवण्यात काय मतलब?

आणि हेही मान्य करायला हवं की असे गट खरोखरीच काहीतरी देतात. मैत्री देतात, काम देतात, आपण महत्त्वाचे आहोत ही जाणीव देतात. जिम जोन्सच्या 'पीपल्स टेंपल' या पंथात अमेरिकेत वर्णभेद ऐन भरात असताना काळे आणि गोरे एकत्र बसत होते, म्हाताऱ्यांची काळजी घेतली जात होती. अनेक जण त्यासाठीच तिथे गेले, आणि ते खोटं नव्हतं. तिथपासून गयानाच्या जंगलातल्या १८ नोव्हेंबर १९७८ च्या त्या दिवसापर्यंत, ज्या दिवशी या पंथाची नऊशेहून अधिक माणसं विषाने मेली, फार मोठी वाट होती आणि ती एकेका पावलानेच चालली गेली. विष प्यायची 'तालीम'सुद्धा आधी झाली होती. मेलेल्यांत जवळजवळ एक तृतीयांश अल्पवयीन मुलं होती. ती कुणाच्या नादी लागून गेली नव्हती. त्यांचे आईवडील त्यांना घेऊन गेले होते. मुलांना सावध करायच्या गप्पा मारताना हा तपशील मोठ्यांनी विसरू नये, एवढ्यासाठी सांगितला.

आता आपण नेहमी काय करतो ते बघा. शाळेत एक पाहुणा येतो, बहुधा गणवेशातला. सभागृहात तीनशे मुलं बसवली जातात. पडद्यावर भयंकर चित्रं, तीन सत्यघटना, शेवटी "अनोळखी माणसाशी बोलू नका." मुलं टाळ्या वाजवतात आणि मधली सुट्टी होते. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम याच धर्तीवर सुरू झाला: पोलीस अधिकारी वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांना नाही म्हणायला शिकवत. तो देशभर पसरला, त्यावर अमाप पैसा खर्च झाला, आणि पुढच्या दशकात एकामागून एक अभ्यासांनी निष्कर्ष काढला की मुलांच्या वागण्यावर त्याचा परिणाम नगण्य आहे. पालकांना तो आवडायचा, शाळांना आवडायचा, पोलिसांनाही आवडायचा. अशा कार्यक्रमांचं हेच दुखणं आहे. मोठ्यांचं समाधान होतं आणि काम झालं असं वाटतं.

दुसरी रीत पाळतीची. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने शाळांवर जबाबदारी टाकली गेली की मुलं अतिरेकी विचारांकडे ओढली जात असतील तर त्यांनी लक्ष ठेवावं, वेळ पडल्यास कळवावं. हेतू समजण्यासारखा होता. त्याच वर्षी लंडनच्या तीन शाळकरी मुली 'इस्लामिक स्टेट'मध्ये सामील व्हायला घरातून निघून सीरियाला पोचल्या होत्या. पण २०१६ मध्ये तिथल्या 'नॅशनल युनियन ऑफ टीचर्स'ने आपल्या अधिवेशनात या धोरणाला विरोध नोंदवला. आक्षेप साधा होता: आपण बोललो तर नाव वर जाईल हे कळलं की मुलं वर्गात बोलायचंच थांबतात. मला हा आक्षेप रास्त वाटतो. जो प्रश्न वर्गात विचारता येत नाही, तो मूल दुसरीकडे जाऊन विचारतं, आणि तिथे त्याला उत्तर द्यायला कुणीतरी तयार बसलेलं असतंच.

'ब्रेनवॉशिंग' या कल्पनेनेही नुकसान केलं आहे. डोक्यात काहीतरी घालून माणसाचं बाहुलं करतात, असं एकदा मानलं की शिकवण्यासारखं काही उरतच नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी सन म्युंग मून यांच्या युनिफिकेशन चर्च या पंथाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. या पंथाच्या निवासी शिबिरांना गेलेल्यांपैकी दहातले नऊ सदस्य झालेच नाहीत, आणि जे झाले त्यांच्यातलेही बहुसंख्य दोनेक वर्षांत बाहेर पडले. म्हणजे या डावपेचांत जादू काही नाही. ते बहुतेकांवर बहुतेक वेळा फसतात. पण ज्याच्यावर चालतात त्याचं आयुष्य पणाला लागतं, म्हणून ते ओळखता येणं गरजेचं आहे. आणि ओळखता येतात, ही यातली आशेची बाजू.

कसे ओळखायला लावायचे? विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एक विचार मांडला: शरीराला सौम्य जंतू टोचून रोगाशी लढायला तयार करतात, तसं मनालाही फसव्या युक्तिवादाची सौम्य मात्रा आधी दिली आणि तो खोडायला शिकवलं, तर पुढचा खरा मारा ते अधिक चांगला परतवतं. यावर नंतर पुष्कळ काम झालं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ साली साथीदारांबरोबर एक ऑनलाइन खेळ बनवला, त्यात खेळणाऱ्यानेच खोट्या बातम्या पसरवायच्या असतात. लबाडी स्वतः करून पाहिली की दुसऱ्याची पटकन दिसते.

त्याहून मोलाचा धडा मला २०१६ सालच्या एका प्रयोगात दिसतो. ख्रिस्तोफर ब्रायन, डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या आठवीच्या मुलांचे दोन गट केले. एकांना पौष्टिक खाण्याचे फायदे नेहमीच्या पद्धतीने शिकवले. दुसऱ्यांना सांगितलं की खाद्य कंपन्या तुम्हाला जास्त खायला लावण्यासाठी कायकाय क्लृप्त्या करतात, लहान मुलांना कसं हेरतात. दुसऱ्या दिवशी, ज्याचा या धड्याशी काही संबंध दिसत नव्हता अशा खाऊवाटपात, दुसऱ्या गटाच्या मुलांनी अधिक बरे पदार्थ निवडले. "हे तुझ्या भल्याचं आहे" या वाक्याने जे साधलं नाही ते "हे लोक तुला खेळवताहेत" या वाक्याने साधलं. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्याला कुणी उल्लू बनवतंय ही गोष्ट सहन होत नाही. हा स्वाभिमान आपण उद्धटपणा म्हणून खच्ची करतो. त्याला कामाला लावायला हवं.

तेव्हा वर्गात असा तास घ्यावा. मुलांचे चार-पाच जणांचे गट करायचे आणि काम द्यायचं: तुम्हाला एक क्लब काढायचा आहे, जो सदस्यांच्या फायद्याचा मुळीच नाही, फक्त म्होरक्याच्या फायद्याचा आहे. शाळेत नुकत्याच आलेल्या, कुणी मित्र नसलेल्या मुलाला त्यात ओढायचं आहे. पहिला मेसेज काय पाठवाल? तिसऱ्या आठवड्यात काय मागाल? त्याने शंका काढली तर काय म्हणाल? त्याच्या जुन्या मित्राला कसं दूर कराल? मुलं यात भयानक तरबेज असतात. सुरुवातीला हशा पिकतो. फळ्यावर वाक्यं जमत जातात: "तुलाच म्हणून सांगतोय", "ते लोक तुला समजून घेणार नाहीत", "एवढं केलंस आता मागे कसा फिरणार", "विश्वास नाही का आमच्यावर?" मग शिक्षकाने फक्त एवढंच विचारायचं की यातलं कुठलं वाक्य तुम्हाला कधी कुणी म्हटलंय? उत्तर मोठ्याने द्यायची सक्ती करायची नाही. हशा आपोआप ओसरतो, कारण यातली निम्मी वाक्यं कुणाच्या मैत्रिणीची, कुणाच्या प्रियकराची, कुणाच्या मोठ्या भावाची निघतात.

यावर हरकत येईल की मुलांच्या हाती तुम्ही शस्त्रच देताय. ती हरकत मी उडवून लावत नाही. पण ही वाक्यं त्यांना शिकवायची वेळच येत नाही, ती त्यांना येतच असतात. वर्गात फक्त त्यांना उजेडात आणलं जातं. धोका दुसरीकडे आहे. १९६७ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या एका शाळेत रॉन जोन्स नावाच्या इतिहासाच्या शिक्षकाने, जर्मन माणसं नाझींच्या मागे गेलीच कशी या प्रश्नाचं उत्तर म्हणून, वर्गातच एक 'चळवळ' सुरू केली. शिस्त, सलाम, सदस्यपत्रं, बाहेरच्यांवर नजर. पाच दिवसांत ती वर्गाबाहेर पसरली आणि त्यालाच हाताबाहेर जाताना दिसली. शेवटी सगळ्यांना जमवून त्याने ती गुंडाळली. ही गोष्ट अनेक जण कौतुकाने सांगतात. मला ती पटत नाही. विश्वास टाकणाऱ्या मुलांना न सांगता फसवून फसवणुकीचा धडा द्यायचा, म्हणजे शिक्षकाने स्वतःच म्होरक्या व्हायचं. खेळ आहे हे मुलांना आधी माहीत असावं आणि मधूनच बाहेर पडायची मुभा असावी. तेवढ्यावरही खेळ पुरेसा शिकवतो.

डावपेच ओळखणं हे अर्धं काम. ओळखूनही माणूस गप्प बसतो, कारण भोवती सगळे गप्प असतात. सॉलोमन ॲश यांचा १९५०च्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे: समोरच्या रेघांपैकी कुठली दिलेल्या रेघेइतकी, एवढंच सांगायचं, खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात, आणि डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही माणसं सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्या सुरात सूर मिसळतात. हे सगळे सांगतात. पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्या खोलीत एकाच माणसाने वेगळं उत्तर दिलं की चुकांचं प्रमाण कोसळायचं. त्या एकाचं उत्तर बरोबर असायचीही गरज नव्हती. एकमत मोडलं एवढं पुरे होतं. स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या प्रयोगातही तेच. तिथे दुसऱ्या माणसाला वाढत्या जोराचे विजेचे झटके द्यायचा हुकूम होता (झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नसे): एरवी ६५ टक्के लोक हुकमाबरहुकूम शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले, पण शेजारी बसलेल्या दोघांनी उठून नकार दिला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे फक्त १० टक्के उरले.

म्हणून प्रत्येक मुलाला वीर बनवायच्या फंदात पडू नये. वर्गात एक जण "मला हे पटत नाही" म्हणणारा असणं आणि ते म्हटल्यावर त्याची फजिती न होणं, एवढं साधलं तरी बाकीच्यांना पाय रोवायला जागा मिळते. हे बोलून पाहावं लागतं, तोंडाने. "नको, मी नाही येत." "विचार करून सांगते." "हे मी घरी सांगणार आहे." साधी वाक्यं आहेत, पण पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडतो, तो वर्गात कोरडा पडलेला बरा.

गट पारखायचा कसा, हा प्रश्न मुलं विचारतातच. लक्षणांच्या लांबलचक याद्या उपलब्ध आहेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ साली दिलेली आठ लक्षणांची यादी आजही वापरली जाते आणि ती विचारपूर्वक केलेली आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाला रात्री अकरा वाजता आठ लक्षणं आठवणार नाहीत. माझ्या मते एकच गोष्ट सर्वांत आधी पाहायला शिकवावी: सोडून गेलेल्यांबद्दल तिथे काय बोललं जातं? चांगल्या क्रिकेट संघातून, नाटकमंडळीतून, गिर्यारोहणाच्या गटातूनही लोक जातात. त्यांच्याबद्दल कुणी कुरकुरतं, कुणी हळहळतं, वर्षभराने तेच लोक पुन्हा चहाला येतात. कह्यात घेणाऱ्या गटात सोडून गेलेला एक तर गद्दार असतो, नाहीतर वेडा, किंवा त्याचं नावच घ्यायचं नसतं. या एका खुणेत बाकीचं बरंचसं येऊन जातं: प्रश्न चालतात का, इथलं बाहेर सांगितलेलं चालतं का, माझे जुने मित्र टिकताहेत का. कसोटी धर्म, राजकारण, खेळ, व्यवसाय, कशालाही लावता येते आणि कुणाच्या श्रद्धेला हातही लावावा लागत नाही. शाळांना वाटणारी भीती, की आपण अमुक एका पंथाविरुद्ध बोललो तर गदारोळ होईल, तीही इथे उरत नाही. विचार कुठलाही असो, दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, एवढंच विचारायचं.

आणि आता अवघड भाग. हीच कसोटी मुलं पहिल्यांदा कुणाला लावतील? आपल्याला. "मोठ्यांना उलट बोलायचं नाही" हे ज्या घरात सर्वांत वरचं मूल्य आहे, त्या घरातल्या मुलाला नेमकी तीच गोष्ट शिकवलेली असते जी भामट्याला आयती हवी असते: अधिकाराच्या सुरात कुणी बोललं की मान खाली. जिथे खेळाचा प्रशिक्षक "इथलं इथेच ठेवायचं" म्हणतो आणि पालक त्याला शिस्त समजतात, जिथे नव्या विद्यार्थ्यांना छळून 'आपल्यात घेण्याची' परंपरा हसण्यावारी नेली जाते, जिथे शिक्षकाचं चुकलेलं गणित दाखवलं तर बाकावर उभं केलं जातं, तिथे डावपेचांवरचं भाषण म्हणजे निव्वळ थट्टा. मुलांना नक्कल आणि अस्सल यातला फरक कळतो.

"मग मुलं डोक्यावर बसतील." बसतील थोडी. सराव करणारा आधी चुकीच्या ठिकाणीच सराव करतो. भाजी खायला नकार, अभ्यासाला नकार, आजोबांच्या पाया पडायला नकार. घरातल्या प्रत्येक नकारापुढे झुकावं असं माझं म्हणणं नाही. झोपायची वेळ ही झोपायची वेळ. पण कारण विचारलं तर कारण द्यावं, "मी सांगतो म्हणून" हे कारण नव्हे. आणि काही बाबतींत मुलाचा नकार हा शेवटचा शब्द असावा. त्याच्या अंगाला कुणी हात लावावा की नाही, ही त्यातली पहिली बाब, मग तो पाहुणा कितीही जवळचा असो.

आत गेलेल्या मुलाचं काय, याबद्दल फार बोललं जात नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत पालक पैसे मोजून आपल्या सज्ञान मुलांना पळवून आणवत, कोंडून ठेववत आणि दिवसेंदिवस त्यांच्याशी वाद घालायला लावत. या प्रकाराचं नाव 'डीप्रोग्रॅमिंग'. काही जण त्याने बाहेर आले, पुष्कळांचा गटावरचा विश्वास त्यामुळेच पक्का झाला, आणि हा धंदा अखेर कोर्टकचेऱ्यांत बुडाला. जबरदस्तीने बाहेर काढलेल्याला गटाचं भाकीत खरं झालेलं दिसतं: बाहेरचे लोक वैरी आहेत. घरी टिंगल केली, गटाला शिव्या घातल्या, फोन हिसकावून घेतला, तरी तेच होतं. फोन काढून घेणं कधीकधी अपरिहार्य असेल, धमक्या चालू असतील तर पोलिसांकडेही जावं लागेल. पण वर सांगितलेल्या त्या मुलीला शेवटच्या पायरीवर जे अडवतं, ते गटाचं प्रेम नसतं. "हे घरी कळलं तर?" हा धाक असतो. तो धाक घालणाऱ्याच्या हातातलं हत्यार आपणच घडवलेलं असतं. काहीही झालं असलं, कसलाही फोटो गेलेला असला, तरी आधी मदत आणि मग बोलणं, हे वाक्य मुलाने संकट येण्याच्या कितीतरी आधी ऐकलेलं असायला हवं, आणि छोट्या चुकांच्या वेळी ते खरं ठरलेलं पाहिलेलं असायला हवं. फुटलेल्या काचेवरून घर डोक्यावर घेणाऱ्याने हे वाक्य उच्चारलं तर मूल त्यावर कसा विश्वास ठेवील?

शाळेने काय करावं याबद्दल माझी मागणी छोटी आहे. वर्षातून एकदा सभागृहातलं भाषण नको. आठवीपासून दरवर्षी चार-सहा तास, तेही मुलांना ओळखणाऱ्या वर्गशिक्षकाने घेतलेले. गटांची नावं शिकवायची नाहीत, ती वर्षभरात बदलतात. परीक्षा नाही, गुण नाहीत. पहिल्याच तासाला कुणीतरी हात वर करून विचारेल, "मग आपल्या शाळेचं काय? इथे प्रश्न विचारलेला चालतो का?" बहुधा मागच्या बाकावरून विचारेल आणि वर्ग हसेल. त्या प्रश्नाला मुख्याध्यापकांनी आठवड्याच्या आत वर्गात येऊन, मुलांसमोर उभं राहून उत्तर द्यावं, अशी अट मी अभ्यासक्रमातच लिहून ठेवेन.